आव्हान संपुष्टात आल्यानंतर

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठावर वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला एक शब्दसमूह आहे : ‘भारताचे आव्हान संपुष्टात’. टेनिस असो, बॅडमिंटन असो, आपला शेवटचा खेळाडू हरला की दुसऱ्या दिवशी हे तीन शब्द ठळक टंकात हजर. त्यानंतर स्पर्धा जणू संपलेलीच असते. उपांत्य सामने होतात, अंतिम सामना होतो, कोणीतरी करंडक उचलतो. पण त्या घटना परक्या मुलखातल्या पावसासारख्या कोपऱ्यात दोन ओळींत उरकल्या जातात. आम्ही मराठी शिकवणारी माणसे, त्यामुळे शब्दापाशी अडखळण्याची खोड आहे. संपुष्ट म्हणजे देव ठेवण्याची लहानशी पेटी. पूजा आटोपली की देव पुसून संपुष्टात ठेवायचे आणि झाकण लावायचे. आपण आपल्या खेळाडूंचे नेमके हेच करतो. फरक एवढाच, की देव दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाहेर काढले जातात.

हा लेख टेनिसविषयी आहे, आणि तेही मोठ्या टेनिसविषयी नाही. विम्बल्डनचे हिरवे गवत आणि फेडरर-नदालची द्वंद्वे यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात काव्यही भरपूर आहे. आमच्यापुढे आहे ती व्यावसायिक टेनिसची खालची पायरी. चॅलेंजर स्पर्धा, आणि तिच्याही खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या पुरुषांच्या ‘एम’ आणि स्त्रियांच्या ‘डब्ल्यू’ अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धा. या साऱ्यांच्या नावापुढचा आकडा समजून घेतला की अर्धे गणित उलगडते. एम 15, डब्ल्यू 35, चॅलेंजर 100 : आकडा म्हणजे एकेरीच्या विजेत्याला क्रमवारीसाठी मिळणारे गुण. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला 2000 मिळतात. बत्तीस जणांच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत सोळा जण हरतात, आणि त्या सोळांना चॅलेंजरच्या एकेरीत शून्य गुण मिळतात. शिवाय मिळवलेले गुणही कायमचे नसतात. बावन्न आठवडे झाले की ते गळून पडतात. चाळीत साठवलेल्या कांद्याचे वजन घटत जावे तसे. (आमच्या नामपुरात याहून सोपी उपमा सुचणे कठीण.) म्हणून हा खेळाडू दर आठवड्याला नवे गाव गाठतो. घटलेले भरून काढतो, जमले तर चार गुण वर टाकतो.

अशा स्पर्धा महाराष्ट्रात होतात आणि त्यांत आपली मुले-मुली खेळतात. त्यांच्या मागावर राहणे, म्हणजे कोण कुठे खेळतो आहे, कोणत्या फेरीत आहे, काल कसा हरला हे ठाऊक असणे, हा छंद आम्हां दोघा-तिघा अध्यापकांना कसा जडला हे सांगण्यात अर्थ नाही. त्यातून ‘आपला’ या विशेषणाविषयी आमचे काही मत बनले आहे. ते मत साहित्याच्या वर्गालाही लागू पडते असे वाटल्याने इथे मांडतो.

पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने ते उभे राहिले. तिथल्या टेनिस कोर्टांवर गेल्या काही वर्षांत दोन वेगळ्या प्रतींच्या स्पर्धा झाल्या. एक मोठी : 1996 साली दिल्लीत सुरू झालेली, मग दोन दशके चेन्नईने सांभाळलेली आणि 2018 पासून ‘टाटा ओपन महाराष्ट्र’ या नावाने पुण्यात आलेली एटीपी 250 दर्जाची स्पर्धा. दुसरी लहान : चॅलेंजर. मोठी स्पर्धा 2018, 2019, 2020, 2022 आणि 2023 अशी पाच वेळा पुण्यात झाली. 2021 महासाथीत गेले. 2023 नंतर ती पुण्यात झालेली नाही. ती गेली तेव्हा ‘महाराष्ट्राचे वैभव गेले’ अशा सुरात हळहळ व्यक्त झाली. हळहळ खरी होती. जगातला उत्तम खेळ डोळ्यांसमोर पाहण्याची संधी गेली, हे कोण नाकारील? पण ‘आपल्या खेळाडूंचे व्यासपीठ गेले’ हे जे वाक्य त्या सुरात मिसळले होते, ते तपासून पाहावे लागेल.

पाच वर्षांचे एकेरीचे अंतिम सामने डोळ्यांसमोर आणावेत. 2018 मध्ये जिल सिमाँने केव्हिन अँडरसनला हरवले. 2019 मध्ये अँडरसनने इव्हो कार्लोविचला तीन टायब्रेकरांच्या लढतीत नमवले. 2020 मध्ये यिरी व्हेसेली, 2022 मध्ये जुआव सूझा, 2023 मध्ये टॅलन ग्रिकस्पूर. पाच स्पर्धा, पाच विजेते, पाच उपविजेते, आणि एकेरीच्या त्या दहा जागांत एकही भारतीय नाव नाही. आता त्याच बालेवाडीच्या कोर्टावरची चॅलेंजर घ्या. नोव्हेंबर 2017 मध्ये तिच्या अंतिम सामन्यात युकी भांबरी आणि रामकुमार रामनाथन समोरासमोर उभे होते आणि युकीने तो सामना तीन सेटमध्ये जिंकला. पुढच्याच वर्षी प्रज्ञेश गुणेश्वरन अंतिम फेरीत पोहोचला आणि स्वीडनच्या एलियास इमरकडून हरला. प्रज्ञेश गुडघ्याच्या दुखापतींमुळे ऐन उमेदीची वर्षे गमावून परतलेला होता. त्या हंगामाच्या अखेरीस त्याने बंगळूरची चॅलेंजर जिंकली, 2019 च्या फेब्रुवारीत तो पहिल्या शंभरांत आला आणि त्याच वर्षी पंचाहत्तराव्या क्रमांकापर्यंत गेला. शंभराच्या आसपासचा आकडा कळीचा आहे, कारण ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीचे दार साधारण तिथेच उघडते.

म्हणजे मोठी स्पर्धा हे आपल्या घराचे दर्शनी दालन होते. पाहुणे यायचे, आपण कौतुकाने बघायचो, आपल्या पोरांना पहिल्या दोन दिवसांत त्यांच्यासमोर उभे करायचो. पण पोरे वाढली ती मागच्या पडवीत. पडवीचे छायाचित्र कोणी काढत नाही एवढेच. आमचे मत स्पष्ट आहे : वर्षाकाठी एक मोठी स्पर्धा आणि पाच-सहा लहान स्पर्धा यांतून निवड करण्याची वेळ आलीच, तर घरच्या खेळाडूंचा विचार करणाऱ्याने लहान स्पर्धा मागाव्यात. पुण्यात, मुंबईत, सोलापुरात होणारी एखादी डब्ल्यू 35 किंवा एखादी चॅलेंजर म्हणजे परदेशवारीचा खर्च वाचणे, ओळखीचे हवामान, आणि जिंकण्याची खरीखुरी शक्यता असलेला सामना. चेन्नईच्या चॅलेंजरचे उदाहरण ताजे आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सुमित नागलने, तेव्हाच्या भारताच्या अव्वल एकेरी खेळाडूने, बँकेच्या खात्यात नऊशे युरो उरले असल्याचे सांगितले होते. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याने चेन्नईची चॅलेंजर एकही सेट न गमावता जिंकली आणि तो पहिल्या शंभरांत गेला. त्याच्या आधीच्या महिन्यात ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने अलेक्झांडर बुब्लिकला हरवले, ते सर्वांच्या लक्षात आहे. चेन्नईचा आठवडा किती जणांच्या लक्षात आहे?

दुहेरीचा उल्लेख राहून जायला नको, कारण तो नेहमीच राहून जातो. पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत 2019 साली रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी, 2022 साली बोपण्णा आणि रामकुमार यांनी दुहेरी जिंकली. 2023 मध्ये श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुनचेळियन अंतिम फेरीत होते. तरीही एकेरीतला शेवटचा भारतीय हरला की पुष्कळांच्या लेखी आव्हान संपलेलेच असते. कवितासंग्रह वाचून झाला, आता ललित लेखांना कोण विचारतो, त्यातलाच प्रकार.

आता ‘वाइल्ड कार्ड’कडे येऊ. यजमानांना काही जागा स्वतःच्या मर्जीने भरता येतात. क्रमवारीत न बसणाऱ्या खेळाडूलाही थेट प्रवेश देता येतो. 2023 च्या जानेवारीत साताऱ्याच्या मानस धामणेला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत असा प्रवेश मिळाला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. अमेरिकेच्या मायकल मोहने त्याला 6-2, 6-4 असे हरवले. पंधराव्या वर्षी दुसऱ्या सेटमध्ये चार गेम घेणे ही कौतुकाचीच गोष्ट. परंतु त्या कौतुकाची भाषा कशी असते ते पाहा. ‘कोवळ्या वयात असूनही’, ‘लहान शहरातून आलेला असूनही’, ‘पुरेशा सुविधा नसूनही’. हे ‘असूनही’ आमच्या चांगल्या परिचयाचे आहे. आमच्या बागलाणातल्या एखाद्या तरुणाचा पहिला कथासंग्रह येतो. प्रकाशन समारंभात वक्ते म्हणतात, ग्रामीण भागातला असूनही त्याने लिहिले. परीक्षणात छापून येते, शेतकरी कुटुंबातला असूनही त्याची भाषा प्रवाही आहे. अहिराणीचा संवाद आला की ‘मातीचा गंध’. त्या कथेची रचना कुठे ढासळली, शेवट कुठून उसना आणला, कोणते पात्र लेखकाला खरोखर दिसले आणि कोणते नुसते ऐकीव आहे, हे कोणी सांगत नाही. त्याला वाइल्ड कार्ड दिलेले असते. वाइल्ड कार्डाने आत आलेल्याचा बॅकहँड कसा आहे हे विचारणे असभ्यपणाचे मानले जाते.

वाइल्ड कार्ड देऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दार उघडायलाच हवे. परंतु आत आल्यावर त्याच्याकडे पाहुण्याकडे पाहतो तितक्याच कठोर नजरेने पाहिले पाहिजे. मानस धामणेच्या त्या सामन्यात पाहण्यासारखे काही होते ते त्याच्या वयात नव्हते. भारी चेंडू येत असताना तो मागे सरकतो की पुढे येतो, दुसरी सर्व्हिस किती भीत टाकतो, एक ब्रेक गेल्यावर पुढच्या गेममध्ये काय करतो, यांत ते होते. हे पाहणे म्हणजे त्याला खेळाडू मानणे. नुसते वय मोजणे म्हणजे त्याला बाळ मानणे.

अशा पाहण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे कोणी म्हणेल, तर आम्ही त्याला आमच्या भागातल्या जत्रेत नेऊ. कसमादे पट्ट्यात चैत्राच्या पुढेमागे गावोगाव यात्रा भरतात आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांची दंगल. दुपारी ऊन कलले की हलगी घुमू लागते. आरंभ रेवड्यांच्या कुस्त्यांनी होतो. सात-आठ वर्षांची पोरे, लंगोट नीट कसलेला नसतो, धुळीत लोळतात, जिंकणाऱ्याच्या आणि कधीकधी हरणाऱ्याच्याही ओंजळीत रेवड्या पडतात. मग नारळावरच्या कुस्त्या. मग पाच-पन्नास रुपयांच्या, मग शेकड्यांच्या, आणि दिवस मावळता मावळता मोठ्या इनामाची शेवटची जोड. सगळे गाव शेवटच्या जोडीसाठी आलेले असते, असा शहरातल्या माणसाचा समज. प्रत्यक्षात म्हातारे रेवड्यांच्या वेळेपासून आखाड्याच्या कडेला जागा धरून बसतात. कोणाच्या पोराचा पाय चपळ आहे, कोण नुसता अंगाने आडदांड आहे, कोण पट काढायला शिकला, हे त्यांना मागच्या तीन वर्षांचे आठवते. ‘आपला पोऱ्या शे’ असे अभिमानाने म्हणणारा आजोबाच दुसऱ्या क्षणी त्याच पोराला चुकलेल्या डावाबद्दल चारचौघांत झापतो. गावचा म्हणून टाळी, पण डाव चुकला तर माफी नाही. हरलेल्या पोराची चौकशी पुढच्या गावच्या जत्रेत होते : त्या दिवशी खांदा टेकलास, आता काय शिकून आलास?

आणि हे पैलवानही चॅलेंजरच्या खेळाडूंसारखेच हंगामभर फिरत असतात. आज या गावची यात्रा, परवा त्या गावची. इनामाच्या पैशांतून खुराक निघाला तर निघाला. टेनिसमध्ये हलगीच्या जागी पंचाचा ध्वनिक्षेपक आला आणि एस.टी.च्या जागी विमान. उरलेला संसार तोच. मग जो समाज रेवड्यांची कुस्ती इतक्या निगुतीने पाहू शकतो, तोच वृत्तपत्र उघडल्यावर फक्त शेवटच्या जोडीचा निकाल का शोधतो, हे आम्हांला पडलेले कोडे आहे. एक उत्तर असे सुचते, की जत्रेत ‘आपला’ म्हणजे ज्याचे घर ठाऊक आहे तो. क्रीडापृष्ठावर ‘आपला’ म्हणजे ज्याच्या छातीवर झेंडा आहे तो. पहिल्याला आपण ओळखतो, दुसऱ्याला वापरतो.

ऋतुजा भोसलेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मूळची श्रीरामपूरची, अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळून आलेली ही खेळाडू. 30 सप्टेंबर 2023 रोजी हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. पहिला सेट 2-6 असा गेला, दुसरा 6-3 असा घेतला आणि निर्णायक टायब्रेकर 10-4. त्या दिवशी ती महाराष्ट्राची ‘लेक’ झाली. मराठी मथळ्यांना पदक मिळाले की नाते लागते : लेक, सुकन्या, वाघीण. आम्हांला या नात्याचा राग नाही. पण लेक म्हणायचे तर माहेरची चौकशी बारमाही हवी. त्याआधीची कित्येक वर्षे ती याच खालच्या पायरीच्या स्पर्धा खेळत होती, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर, आणि पदकानंतरही खेळत राहिली. मूळच्या अहमदाबादच्या, पण पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या अंकिता रैनाचेही तेच. 2021 मध्ये तिने कामिला राखिमोवाबरोबर डब्ल्यूटीए दुहेरीचे विजेतेपद मिळवले, ते लहान लहान स्पर्धांच्या किती आठवड्यांवर उभे होते याचा हिशेब मराठीत कोणी मांडला नाही. मांडला तर तो एखाद्या कादंबरीइतका वाचनीय होईल.

इथे अमेरिकन कादंबरीकार डेव्हिड फॉस्टर वॉलेस आठवतो. 1995 साली तो माँट्रियलच्या स्पर्धेला गेला. तिथे तो पात्रता फेरीपाशी थांबला आणि मायकल जॉइस नावाच्या, त्या वेळी जगात एकोणऐंशीव्या क्रमांकावर असलेल्या खेळाडूविषयी त्याने दीर्घ निबंध लिहिला. एकोणऐंशीवा असणे म्हणजे किती भयंकर उत्कृष्ट असणे आणि तरीही किती अनाम असणे, हा त्या निबंधाचा विषय. अलीकडे, 2024 मध्ये, आयर्लंडच्या कॉनर नायलँडने ‘द रॅकेट’ हे आत्मकथन लिहिले. त्याचा सर्वोच्च क्रमांक 129. त्या पुस्तकाला इंग्लंडमधला क्रीडासाहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला. म्हणजे या पायरीवर साहित्य आहे, हे इतरांनी ओळखले. मराठीत वि. वि. करमरकरांनी खेळाला वृत्तपत्रात स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली आणि देशी खेळांकडेही तितक्याच गांभीर्याने पाहिले. 2023 मध्ये ते गेले. त्यांच्या मागून आलेल्या लेखनात क्रिकेटचे रसभरीत पुष्कळ आहे. परंतु दुसऱ्या फेरीत हरून रात्रीची गाडी पकडणाऱ्या माणसावर मराठी गद्य क्वचितच रेंगाळले. आमच्या कथेला पराभूत माणसाचे वावडे नाही. गिरणगावातला, शेतातला, कचेरीतला हरलेला माणूस तिने जिव्हाळ्याने रंगवला. हरलेला खेळाडू मात्र तिला दिसला नाही, कारण खेळ म्हणजे विजय अशी समजूत आमच्या लेखकांनीही क्रीडापृष्ठाकडूनच घेतली.

रामकुमार रामनाथनकडे या दृष्टीने पाहावे. 2017 मध्ये त्याने अंताल्यात डॉमिनिक थीमला हरवले, तेव्हा आता हा पहिल्या शंभरांत जाणार असे सारे म्हणू लागले. तो गेला नाही. 111 वर थांबला. 2018 मध्ये न्यूपोर्टला एटीपीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि स्टीव्ह जॉन्सनकडून हरला. चॅलेंजरचे अंतिम सामने त्याने एकामागून एक गमावले. बालेवाडीचा 2017 चा हा त्यांतलाच. अखेर नोव्हेंबर 2021 मध्ये मनामा येथे त्याने पहिले चॅलेंजर विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी विम्बल्डनच्या पात्रता स्पर्धेत तो शेवटच्या फेरीपर्यंत गेला आणि तिथे हरला. ग्रँड स्लॅमच्या एकेरीची मुख्य फेरी गाठण्याचे त्याचे तोवर वीसहून अधिक प्रयत्न झाले होते.

‘प्रयत्न’ या शब्दापाशी आमचे विद्यार्थी दचकतात. वर्गात हा आकडा सांगितला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, वीस अटेम्प्ट? वयोमर्यादा नसते का?” वर्ग हसला, पण ते हसणे फार वेळ टिकले नाही. आमच्या भागातल्या प्रत्येक गावात आता एक अभ्यासिका आहे. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. पोलीस भरती, तलाठी भरती. पात्रता फेरी आणि मुख्य फेरी यांतला फरक या मुलांना टेनिसच्या कोणत्याही जाणकारापेक्षा अधिक कळतो. एखादा दोन गुणांनी मुख्य परीक्षेला मुकतो, पारावर विचारले जाते, ‘निघाली का पोस्ट?’ नाही म्हटले की विषय संपतो. तीन-चार वर्षे तो मुलगा पुण्याच्या पेठेत खोली करून काय शिकला, संविधानाची कोणती कलमे त्याला मुखोद्गत आहेत, त्याची भाषा किती नेमकी झाली, यात कोणालाही रस नसतो. गाव त्याला संपुष्टात ठेवून झाकण लावते. मग तो सणावारालाही घरी येईनासा होतो. आमच्याकडे पदव्युत्तर वर्गात अशी मुले येतात, उशिरा, थोडी खजील होऊन. आणि सांगायला आनंद वाटतो, की त्यांचे वाचन बहुधा वर्गात सर्वांत चांगले असते. त्यांच्यापुढे रामकुमारचे चरित्र ‘प्रयत्नांती परमेश्वर’ या चालीवर ठेवणे आम्हांला अप्रामाणिक वाटते, कारण परमेश्वर भेटलेला नाही. त्या मुख्य फेरीचे दार त्याला उघडले नाही. तरीही त्याची सर्व्हिस पाहण्यासारखी होती, पुढे धावत येऊन जाळीपाशी उभे राहण्याचे त्याचे धाडस पाहण्यासारखे होते. ते पाहिले त्यांनी काहीतरी पाहिले.

नामपुराहून बालेवाडी गाठायची तर सटाणा, नाशिक करत जवळपास आख्खा दिवस मोडतो. त्यामुळे आमचे पाठलाग करणे बहुतांशी दूरस्थ असते. चॅलेंजरचे सामने महाजालावर फुकट पाहता येतात. वीज आणि जोडणी दोन्ही धड असतील तर. त्याखालच्या स्पर्धांत पुष्कळदा हाती लागतो तो फक्त चालता गुणफलक. पंधरा-शून्य. पंधरा-पंधरा. मग बराच वेळ काही नाही. हा ‘बराच वेळ’ अर्थपूर्ण असतो : दीर्घ रॅली, किंवा टॉवेल, किंवा पंचाशी वाद, किंवा दुखावलेला घोटा. मग तीस-चाळीस. दुसऱ्या सर्व्हिसची खूण दिसते आणि इकडे प्राध्यापक-कक्षात चहा थंड होतो. आम्हांला तर हे वाचन कवितेच्या वाचनाजवळचे वाटते. शब्द फार थोडे, मोकळी जागा फार, आणि त्या जागेत काय घडले हे वाचणाऱ्याने आपल्या अनुभवातून भरायचे. ज्याने या खेळाडूचे आधीचे दहा सामने वाचले आहेत त्याला त्या मोकळ्या जागेत काहीतरी दिसते; नवख्याला नुसते आकडे.

शेवटचा भारतीय हरल्यावरही पृष्ठ बंद करू नये, याला आणखी एक कारण आहे आणि ते देशप्रेमाच्या विरोधात जात नाही. आपला खेळाडू कोणाकडून हरला हे कळल्याशिवाय तो कसा हरला हे कळत नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये, बालेवाडीच्या त्या भारतीय अंतिम सामन्यानंतरच्याच आठवड्यात, मुंबईला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर स्त्रियांची 125 दर्जाची स्पर्धा झाली. ती जिंकणारी एकोणीस वर्षांची मुलगी आर्यना सबालेंका होती. 2023 मध्ये ती जगात पहिली झाली. पुण्याची 2024 ची चॅलेंजर मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वॉशरोने जिंकली. त्या अंतिम सामन्यात कोणी भारतीय नव्हता, म्हणजे आपल्या व्याख्येनुसार सामना नव्हताच. ऑक्टोबर 2025 मध्ये क्रमवारीत 204 वा असलेला हाच वॉशरो पात्रता फेरीतून वर येत शांघायची मास्टर्स स्पर्धा जिंकून गेला आणि जगभर ‘हा कोण?’ असे विचारले गेले. बालेवाडीला रविवारी थांबलेल्या प्रेक्षकांना ते विचारावे लागले नसेल.

आणि युकी? 2009 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचे कुमार विजेतेपद, 2018 मध्ये एकेरीत 83 वा क्रमांक, मग गुडघा. एकेरीतला युकी संपला तो तिथेच. नंतर तो दुहेरीकडे वळला, पुन्हा लहान स्पर्धांपासून, रिकाम्या गॅलऱ्यांपासून. 2025 मध्ये मायकल व्हीनसच्या साथीने तो अमेरिकन ओपनच्या दुहेरीची उपांत्य फेरी खेळला. मधल्या सात वर्षांतले त्याचे निकाल शोधायचे म्हटले तर मराठी वृत्तपत्रांच्या फायलींत फारसे हाती लागत नाही. पूर्वी क्रीडापृष्ठाच्या तळाशी बारीक टंकात ‘संक्षिप्त निकाल’ नावाचा एक चौकोन असे. जिल्हा कबड्डीपासून परदेशातल्या दुहेरीपर्यंत सारे काही त्यात मावे. तो चौकोन परत आणा, एवढे पत्र आम्ही एका संपादकांना लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. तोवर ग्रंथालयाबाहेरच्या फळ्यावर आठवड्याचे निकाल आम्हीच खडूने लिहितो, हरलेले आधी. गेल्या सोमवारी कोणीतरी त्याखाली तालुका कुस्तीचे दोन निकाल लिहून ठेवले होते, वजनगटासह.